न्हाणीतला दांडा

साळूबाईला अर्धांगवायूचा झटका आला ते २००३ साल. त्यातून ती उठली, पण डावा पाय ओढतच राहिला. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात पलंगापासून न्हाणीपर्यंत ती नवऱ्याचा खांदा धरून जायची. दिवसातून सात-आठ वेळा. सहा महिन्यांत गोरक्षचा तो खांदा सकाळी उठतानाच ठणकायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "भिंतीला धरायला दांडे बसवा. बाई आपल्या आपण चालतील." दोन मिस्तरी येतो म्हणाले आणि आले नाहीत. एवढ्याशा कामाला येतंय कोण? शेवटी गोरक्ष स्वतःच भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मशीन आणायला द्वारका चौकातल्या दुकानात गेला.

अंबडच्या कारखान्यात त्याची सत्तावीस वर्षं मशीनवर गेली होती. पण तिथे मशीन कंपनी आणायची, हा चालवायचा. कारखाना बंद पडल्यावर आता पहिल्यांदाच एखादं मशीन स्वतः विकत घ्यायची वेळ आली होती.

दुकानदाराने दोन मशीनं काऊंटरवर ठेवली. एक सातशेचं, वर नाव ना गाव. दुसरं तीन हजारांचं.

"काका, विटेच्या भिंतीला हे स्वस्तातलं चालेल," दुकानदार म्हणाला. "काँक्रीट लागलं तर सांगता येत नाही."

गोरक्षने स्वस्तातलं हातात घेऊन पुढचा, बिट धरणारा चक फिरवला. चक किंचित डुलत होता. त्याला ते कळलं. पण दोन दांड्यांची आठ भोकं पाडायची, मग ते माळ्यावरच पडणार. शिवाय तो दमला होता. उभ्याउभ्या आणखी विचार करायचं त्याच्या अंगात नव्हतं. त्याने सातशेचं घेतलं.

पहिली चार भोकं पडली, पण बिट थरथरत असल्यामुळे ती लांबट झाली, स्क्रूसाठी आत ठोकायच्या गिट्ट्या सैल बसायला लागल्या. त्याने लाकडाच्या चिपा ठोकून स्क्रू आवळले. पाचव्या भोकाला काँक्रीट लागलं. जळका वास आला आणि मशीन थांबलं ते थांबलंच. न्हाणीत एकच दांडा बसला.

चार दिवसांनी तो दांडा साळूबाईच्या हातात आला. ती भिंतीला घासत खाली बसली. फार लागलं नाही, कोपर सोललं. गोरक्षने तिला उठवलं.

"मला ठाऊक होतं गं," तो म्हणाला. "दुकानातच कळलं होतं."

"मग घेतलं कशाला?"

गोरक्षने निखळलेला दांडा उचलून कोपऱ्यात उभा केला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा द्वारकेला गेला. दुकानदाराने तीन हजारांचं मशीन पुढे सरकवलं. त्या दुपारी न्हाणीत जुन्या भोकांच्या बाजूला चार आणि न्हाणीबाहेर खोलीच्या भिंतीला चार, अशी आठ भोकं तासाभरात पडली. काँक्रीटमध्येही मशीन एका सुरात चालत राहिलं. काम संपल्यावर गोरक्ष दोन्ही पाय उचलून न्हाणीतल्या दांड्याला लोंबकळला.

"बघ. हलतोय का?"

"तुमचं वजन कितीसं," साळूबाई म्हणाली. आणि न्हाणीत जाताना तिने खांदाच धरला.

असे तीन आठवडे गेले. दांडे भिंतीवर, हात खांद्यावर. पुढे पुढे ती एक हात दांड्यावर ठेवायला लागली, दुसरा त्याच्यावर.

एका दुपारी त्याला खुर्चीत डुलकी लागली. जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता. न्हाणीत बादलीत पाणी पडत होतं. तो उठायला निघाला, खुर्चीचा हात धरून अर्धवट उभाही राहिला. मग पुन्हा खाली बसला आणि नळ बंद होईपर्यंत बसून राहिला.