गड ब

हिरामण म्हात्रेची सगळी हयात पेण-नागोठण्याच्या रस्त्यावर मिनीडोर रिक्षा चालवण्यात गेली. माणसं त्यानं चिक्कार वाहिली, पण परक्या माणसाला आपल्या गावात, गडबला, उतरलेलं काही त्यानं पाहिलं नाही. हायवेला लागून गाव, भोवती भातशेती, रस्त्याकडेला थोडी दुकानं. गाड्या अशा सुसाट निघून जातात, जणू गडबनं त्यांचं घोडं मारलंय.

त्यातून ते नाव. कुणी गाव विचारलं आणि हिरामणनं "गडब" म्हटलं, की समोरचा कानाला हात लावून म्हणणार, "काय? गडबड?" आणि स्वतःच खो खो हसणार, हा विनोद जगात पहिल्यांदा त्यालाच सुचल्यासारखा. हिरामणही तोंडदेखलं हसायचा. घरी आला की मात्र बायकोपुढे, हौसापुढे, त्या माणसाचा यथेच्छ उद्धार करायचा.

मिनीडोर विकून ईको घ्यायची आणि लोकांना रोहा-पेण फिरवायचं, ही कल्पना त्याच्या मुलीची, मृणालीची. बापानं गाडी चालवायची, लेकीनं माहिती सांगायची. नाव ठेवलं 'चला बघू सहली'. सुरुवातीला हौसाच्या माहेरची माणसं तेवढी चला बघू म्हणून आली आणि फुकटात बघून गेली. "नाय जमलं तर रोह्याला कंपनीची शिफ्ट हायच," असं हिरामण अधूनमधून म्हणायचा. मृणालीला त्या शिफ्टचं नावही नको असायचं. दिवसभर एका जागी उभं राहून खोकी चिकटवायची आणि तोंड बंद ठेवायचं, हे तिला या जन्मी जमण्यातलं नव्हतं.

जानेवारीत पहिलं खरं बुकिंग आलं, तेही नाशिकच्या एका दुर्गप्रेमी मंडळाच्या पुढारीण बाईंचं. नमिताताई, त्यांचा नवरा जितेश, सासूबाई गिरजाबाई आणि मंडळातली दोन तरुण पोरं. रोह्याजवळ वरशाला त्यांच्या पाहुण्यांकडे मुक्काम होता, तिथूनच सकाळी निघायचं होतं. बाईंच्या मंडळात माणसं उदंड. बाई खूश झाल्या तर पावसाळ्यापर्यंतचे रविवार भरणार होते आणि नाराज झाल्या तर मृणालीची खोकी पक्की होती.

सकाळ छान गेली. अवचितगडाच्या पायथ्याशी गाडी लागली, तशी मंडळी उड्या टाकत उतरली. गिरजाबाई तेवढ्या गाडीतच राहिल्या. त्यांच्या पायात कोरे करकरीत पांढरे बूट होते, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या.

"आजी, तुम्ही?" मृणालीनं विचारलं.

"मी कायमची पायथ्याची," गिरजाबाई म्हणाल्या. "गुडघे ऐकत नाहीत. हे घेऊन जातात, मी पिशव्या सांभाळते. बूट जितेशनं घेतलेत हौसेनं, ते घालते आपले."

झाडीतून वर जाऊन, तटबंदी आणि ते बारा बाजूंचं तळं बघून मंडळी खाली आली ती अगदी टवटवीत. नमिताताईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि फोन मृणालीपुढे धरला.

"गड अ तर झाला. आता हा गड ब. नाव मुद्दाम लपवलंत ना? गर्दी होऊ नये म्हणून? मला फार आवडलं हे. नका सांगू, आम्ही ओळखतो. मंडळात पैजा लागल्यात."

मृणालीनं पडद्यावर बघितलं. आपलीच जाहिरात. अवचितगड, रोहा, गड ब, चहा, पेणचे गणपती. ती फोनला बोलली होती ते "गडब, चहा". टाइप करायचा कंटाळा, म्हणून बोलून लिहून घेतलं, आणि शहरात वाढलेल्या त्या फोननं तिच्या गावाचे दोन तुकडे करून मध्ये जागा सोडली. वर तिनं ते न वाचता साऱ्या जगाला पाठवून दिलं होतं.

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात नमिताताईंनी हिरामणलाच गाठलं. "काका, गड ब कधी?"

आता हे घाईत बोललं की ऐकायला एकच. हिरामण काच पुसत होता, त्याचा हात थांबला. "गडब?" त्यानं पुन्हा विचारलं. "तुमाला गडब बघायचाय?"

"म्हणजे काय! त्यासाठीच तर आलो एवढ्या लांबून. अवचितगड मागे एकदा झालाय आमचा."

हिरामणचा चेहरा असा उजळला की मृणालीला खाली बघावं लागलं. "नेतो की, ताई! रोहा झाला की गडबच. अवो, माझं घर हाय तिथं."

"गडावर घर?" जितेश थक्क झाला.

"गडबलाच! बापजाद्यांपासून तिथंच."

"तोफा वगैरे आहेत का?" एका पोरानं विचारलं.

"तोफा नाय बा. ट्रॅक्टर हाय एक."

"म्हणजे वस्ती आहे अजून! जिवंत गड!" नमिताताईंनी जितेशचा दंड धरला. "आणि चढण कशी आहे हो?"

हिरामण हसला. "चढण कसली आलीय? माझी आई नव्वदीला टेकलीय, ती काठीबिगर चढउतार करते."

गाडीतून पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज आला. गिरजाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. "मग मला जमेल?"

"न जमायला काय झालं, आय? हात धरून नेतो तुमाला."

गिरजाबाईंनी डोकं आत घेतलं. वाकून त्यांनी आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधल्या. मृणालीला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

रोह्याला येईपर्यंत तिनं ठरवलं, आधी बाबांना सांगायचं. धावीर महाराजांच्या देवळात मंडळी दर्शनाला गेली, तशी ती बापाजवळ आली. हिरामण फोनवर होता आणि सारं रोहा ऐकेल अशा आवाजात बोलत होता.

"व्हय गो हौसा, गडबसाठीच आलेत! नाशिकवरना! नाय, मी नाय आग्रह केला, ते सोताहून बोलले. गडबड नाय बोलले गो, गडब बोलले, सपष्ट! तू असं कर, पोपटी लाव. मडक्यात शेंगा भरपूर टाक. शेजारच्या सगुणा वयनीला बोलव मदतीला. आन् आयला चांगलं लुगडं नेसव."

फोन ठेवून तो लेकीकडे वळला. त्याचे डोळे चक्क ओले होते. "काय गो, काय बोलत होतीस?"

"काय नाय," मृणाली म्हणाली. "जेवायला कुठं थांबायचं ते इचारत होते."

मग राहिल्या नमिताताई. त्यांना अष्टमीच्या पुलावर गाठायचं तिनं पक्कं केलं. पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली, खाली कुंडलिका संथ चाललेली, फोटो काढून झाले. "ताई, एक बोलायचं होतं. त्या गड बचं," तिनं सुरुवात केली, तर नमिताताईंनी तिच्या तोंडापुढे हातच धरला.

"सांगायचं नाही म्हटलं ना! आणि हे बघ, तुझे आभार मानायचे राहिले. आमच्या आई बघ." गिरजाबाई पुलाच्या कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत होत्या, परत फिरत होत्या, पुन्हा टाकत होत्या. "सराव चाललाय. इतक्या वर्षांत मी त्यांना गडावर नेऊ शकले नाही. मला फार वाटायचं त्याचं, पण करणार काय? आज तुझ्यामुळे होतंय."

मृणालीनं मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसली. पुलापासून नागोठण्यापर्यंत ती माईकशिवाय, माहितीशिवाय, अवाक्षरही न काढता बसून होती. हे तिच्या बाबतीत आधी कधी झालेलं नव्हतं. हिरामणला वाटलं, पोरीलाही गावाच्या कौतुकानं भरून आलंय.

उन्हं कलली तेव्हा गाडी हायवे सोडून आत वळली. वळणावर पाटी होती. नमिताताईंनी ती मोठ्यानं वाचली.

"गडब." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "गड... ब."

सगळे खिडक्यांतून बाहेर बघायला लागले. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं आणि त्यात हिरवागार वाल. डोंगर लांब, क्षितिजाला. गड तर सोडाच, नजरेच्या टप्प्यात साधी टेकडी नव्हती.

घरापुढे गाडी थांबली. अर्धी आळी जमली होती. "आले गो, आले!" करत हिरामण उडी मारून उतरला आणि अंगणात पळाला. तेवढीच संधी. मृणाली मागे वळली आणि तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ताई, गड नाही इथं. गडब हे आमच्या गावाचं नाव. मी फोनला बोलून लिहिलं, त्यानं शब्द तोडला, मी वाचलंच नाही. चूक माझी आहे, शिव्या मला द्या. बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतंय, तुम्ही त्यांचं गाव बघायला आलात. आजवर कुणी आलं नाही हो इथं."

जितेशचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आम्ही नाशिकहून... अहो, ही शुद्ध फसवणूक—"

"जितेश, दार उघड," गिरजाबाई म्हणाल्या.

"आई, गड नाहीये इथं."

"कान शाबूत आहेत माझे. दार उघड."

त्या उतरल्या. अंगण सारवलेलं, कडेला रांगोळी. हौसा पाण्याचा तांब्या घेऊन ओटीवर उभी होती, तिच्या शेजारी नव्या लुगड्यातली म्हातारी, आणि मागे सगुणा. गिरजाबाई ओटीच्या पायऱ्यांपाशी आल्या.

"चढायचं इथूनच ना?"

"व्हय आय, या ना वर," हौसानं हात पुढे केला.

गिरजाबाईंनी पायरीवर टेकून आधी बूट काढले. गड चढायला घेतलेले ते बूट पायरीखाली एकमेकांना चिकटवून ठेवले. मग हौसाचा हात धरून, एकदा "आई गं" म्हणत, त्या ओटीवर पोचल्या. वळून त्यांनी पदर नीट केला आणि खाली बघितलं. खाली सून, मुलगा, ती दोन पोरं, सगळ्यांच्या हातात आज आपापल्या पिशव्या.

"बघत काय बसलास? फोटो काढ," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि टाक तुमच्या मंडळात. गिरजाबाईंनी गड ब सर केला म्हणावं. इतकी वर्षं पायथ्याशी बसून तुम्ही उतरायची वाट बघितली. आज तुम्ही खाली उभे आणि मी वर. मला मेलीला केवढं बरं वाटतंय, ते तुम्हाला नाही कळायचं."

जितेशनं फोन काढला. पायरीखालचे बूटही फोटोत यावेत म्हणून तो दोन पावलं मागे सरला. नमिताताईंनी डोळ्यांवरचा गॉगल तसाच राहू दिला.

हिरामण शेणानं सारवलेल्या अंगणाच्या मध्यभागी उभा होता, नव्या जावयासारखा अवघडून. त्यानं हळूच विचारलं, "ताई, कसा वाटला गडब?"

नमिताताईंनी अंगण बघितलं, वालाचं शेत बघितलं, ओटीवर शेजारी शेजारी बसून एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या दोन म्हाताऱ्या बघितल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "नकाशात सापडला नसता असा आहे."

हिरामणला एवढंच पुरलं. तो लगेच शेताकडे ओरडला, "मडका काढा रे!"

बांधाच्या कडेला जाळ पेटला होता. राखेतून पोपटीचं मडकं बाहेर आलं, भांबुर्ड्याचा पाला बाजूला झाला आणि वाफाळलेल्या शेंगांचा वास सुटला. त्या वासापुढे मघाशी फसवणूक म्हणणाऱ्या जितेशनंच पहिला हात घातला आणि बोटं भाजून घेतली. गिरजाबाईंना शेंगा वर ओटीवर पोचवल्या गेल्या. गड सर केला की लगेच उतरायचं नसतं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. पेणला पोचेपर्यंत दिवे लागले. गणपतीच्या कार्यशाळेत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालली होती, ती बघायला सगळे दारात गर्दी करून उभे राहिले, आणि हाताला अजून पोपटीचा वास म्हणून कुणी पुढे सरेना.

आठवड्याभरात नमिताताईंचा निरोप आला. मंडळातले बारा जण येणार होते, त्यातले बरेचसे कुणाचे ना कुणाचे आईवडील. मृणाली नवी जाहिरात लिहायला बसली, या वेळी बोटांनी, एकेक अक्षर वाचत.

'गड ब. म्हणजे आमचं गडब. तट नाही, तोफा नाहीत, ओटी आहे. पायथ्याशी थांबणाऱ्यांनी आधी नाव द्यावं.'

हिरामण तिच्या खांद्यावरून वाचत होता. "काय गो, इतकी शिकलीस आन् आपल्या गावाचा नाव लिवता येत नाय? मधी ही जागा कशाला सोडलीस?"

"पाव्हण्यांना बसायला, बाबा."