हेन्री ऑलिव्हर नावाचा खोटा दगड

माझ्या छातीवर जे नाव कोरलंय ते वाचून मला हाक मारलीत, तर मी ओ देणार नाही. मी पांढऱ्या संगमरवराचा एक क्रूस आहे. पन्नासहून जास्त वर्षं एका सैनिकाच्या उशाशी उभा होतो, आणि आज सकाळपासून कोठारामागच्या खडीवर उताणा पडलोय. मला फोडायला माणूस येतोच आहे. तोवर बोलून घेतो, आणि रागानेच बोलणार. दगडाला कसला आलाय राग, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल उठून जावं.

जन्म माझा इटलीतल्या डोंगरातला. मला ज्याने घडवलं तो ओठात विडी धरून गुणगुणत काम करायचा. हात सोन्याचा. अक्षरं कोरताना त्याने शेजारच्याला विचारलं होतं, "कोण रे हा?" शेजारी म्हणाला, "कागदावर आहे तो." झालं. कागदावर होतं ते त्याने माझ्या अंगावर उतरवलं : हेन्री ऑलिव्हर, खाली हुद्दा आणि तुकडी, मग अलाबामा, मग मेल्याची तारीख. जन्माची तारीख नाही. इथे आम्हा कुणाच्याच अंगावर ती नसते. ही पोरं जणू मेलेलीच जन्माला आली!

मला नेदरलँड्सच्या दक्षिणेला, लिंबर्गमध्ये आणून रोवलं. जिथे पूर्वी बीट पिकायचं त्या शेतात आता आमच्या हजारो रांगा. लढाई संपल्यावर आसपासच्या गावांनी ही थडगी दत्तक घेतली. एकेका घराने एकेक पोरगा वाटून घेतला. मी पेट्रोनेला स्खेपर्सच्या वाट्याला आलो.

पेट्रोनेलाची चेरीची बाग होती. रविवारी चर्च आटोपलं की ती सायकलला बादली अडकवून यायची, मला धुवायची, गवत काढायची आणि बोलत बसायची. अलाबामातल्या मिसेस ऑलिव्हरना तिने किती पत्रं लिहिली असतील! काही परत आली, काहींचा पत्ताच लागला नाही. "हेन्री," ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "तुझी आई रागावलीय का रे माझ्यावर? मी काही तुला चोरलेलं नाही. नुसती सांभाळतेय." हे ऐकून माझ्या पायाखालची माती कुरतडल्यासारखी व्हायची. माझ्या खाली झोपलेल्याने त्या नावाला कधी हुंकार दिलेला मला तरी जाणवला नव्हता.

पेट्रोनेला गेली आणि तिची मुलगी लीस्बेत यायला लागली. ही गावची बस चालवायची. अंगाने दणकट, जिभेने त्याहून. नवरा हूब सोबत यायचा आणि बाकावर बसून टोमणे मारायचा.

"लीस, तुझा हा अमेरिकन माझ्याहून नशीबवान. मला कधी इतकं चोळून आंघोळ घातलीस?"

"तू मेलास की घालेन. तोवर नळ आहे."

पण हसता हसता लीस्बेतच्या मनात एक काटा होता. आईची पत्रं वाया का गेली? तिने शोध घ्यायला सुरुवात केली. अलाबामात हेन्री ऑलिव्हर नावाचे ढीगभर निघाले. कुणी लढाईवरून धडधाकट परत आलेला, कुणी लढाईला गेलेलाच नाही, कुणी भलत्याच समुद्रात बुडालेला. आमचा मात्र कुठल्या शाळेत नाही, कुठल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाही. "हूब, हा माणूस जन्मलाच नाही," ती एकदा माझ्यासमोर उभी राहून म्हणाली. "नुसता मेलाय."

त्यातच गावात मोठा स्मरणसोहळा आला. प्रत्येक क्रूसापाशी त्या त्या सैनिकाचा फोटो लावायचा असं ठरलं. समितीचे अध्यक्ष योस्टेनसाहेब ऐटीत आले आणि माझ्या पायाशी एक फोटो टेकवून गेले. सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, हसरा गोरा पोरगा. लीस्बेत आली, तिने बघितलं, आणि तिथूनच ओरडली, "योस्टेन! हे काय आहे?"

"हेन्री ऑलिव्हर. अलाबामा. मीच शोधला," योस्टेन म्हणाले. "आता तरी आभार मान."

"तुकडी वाचा त्याची! ही काळ्या लोकांची तुकडी होती. ट्रक हाकायला आणि खड्डे खणायला ठेवलेली. त्यांना गोऱ्यांच्या पंगतीला बसू देत नव्हते, आणि तुम्ही त्यातल्या एकाला गोरा करून मोकळे झालात?"

"अगं, एवढं कोण बघतंय? उद्या पाहुणे येणार. फोटोवाचून जागा रिकामी दिसली असती."

"मग रिकामी दिसू द्या!" लीस्बेतने फोटोचे चार तुकडे केले आणि योस्टेनच्या कोटाच्या खिशात कोंबले. त्या गोऱ्या पोराचा काही दोष नव्हता. पुढे कळलं की तो परत जाऊन मोटारी विकत सुखात म्हातारा झाला होता. सोहळ्याच्या दिवशी सगळ्या रांगेत माझ्याच पायाशी काही नव्हतं. माझं आयुष्य खोट्यात गेलं, पण तेवढा एक दिवस मी खरा उभा होतो.

मग लीस्बेतने नाव बाजूला ठेवलं आणि तुकडीचा माग काढला. तिच्यातले फारसे कुणी उरले नव्हते. शिकागोत एक म्हातारे सापडले, ल्युशियस ब्रॉडनॅक्स. त्यांच्याशी फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी लीस्बेत बसच्या गणवेशातच माझ्याकडे धावत आली. धाप लागली होती. हूबला तिने बाकावर दाबून बसवलं.

"ते म्हणाले, हेन्री? हेन्री कागदावर! त्याचं नाव हेझेकाया टॉलिव्हर. भरतीच्या टेबलावर त्याने नाव सांगितलं, तर कारकून म्हणाला, एवढं लांबलचक कोण लिहिणार. हेझेकायाचा हेन्री केला, टॉलिव्हरचा ऑलिव्हर. हा म्हणाला, साहेब, हे माझं नाव नाही. सार्जंट म्हणाला, आजपासून आहे."

"आणि तो गप्प बसला?" हूबने विचारलं.

"अलाबामातला काळा पोरगा, हूब. लिहितावाचता येत नाही. समोर गोरा सार्जंट. तू काय केलं असतंस?"

हूबने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

ब्रॉडनॅक्स आणखीही बोलले होते. त्या हिवाळ्यात हेझेकाया आघाडीवरून मृतदेह ट्रकने या शेतात आणायचा. प्रेत उतरवताना त्याच्या गळ्यातला बिल्ला तो ब्रॉडनॅक्सना मोठ्याने वाचायला लावायचा. एकदा वाचलं की म्हणायचा, परत वाच. खड्ड्यावरच्या लाकडी फळीवर तेच नाव आलंय ना, बघ. थंडीत बोटं फुटायची, मागे ट्रकांची रांग लागायची, शिव्या पडायच्या, तरी हा हलायचा नाही. मग एका सकाळी बर्फावरून त्याचाच ट्रक उलटला. त्याला आणलं तेव्हा ब्रॉडनॅक्स तापाने फणफणून दवाखान्यात होते. त्याचा बिल्ला वाचायला कुणी नव्हतं, आणि वाचला असता तरी काय? बिल्ल्यावरही हेन्री ऑलिव्हरच होता.

त्या दिवसापासून माझ्या अंगावरची अक्षरं मला खरजेसारखी खाजू लागली. मी लोकांची नावं लिहिणाऱ्या त्या कारकुनाचा विचार करायचो. त्याच्या स्वतःच्या थडग्यावरचं नाव अचूक असेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

टॉलिव्हर हे आडनाव हाती आल्यावर लीस्बेतने अलाबामातल्या काळ्या लोकांच्या चर्चना गाठायचा सपाटा लावला. एका रविवारी एका पाद्र्याने प्रार्थनेनंतर ते नाव मोठ्याने घेतलं, आणि मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून उभी राहिली. ती हेझेकायाची धाकटी बहीण, व्हर्लीन.

ती आली तेव्हा लीस्बेतने केवढी तयारी केली होती! जर्दाळूची व्लाय, म्हणजे लिंबर्गकडची फळं भरलेली गोड रोटी, भाजली होती, फुलं आणली होती, हूबला टाय बांधायला लावला होता. राखणदाराने ओली वाळू माझ्या अक्षरांत घासून ठेवली, म्हणजे नाव लांबूनही दिसावं. घासू नको रे, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

व्हर्लीनबाई काठी टेकत आल्या. डोक्यावर जांभळी हॅट, हातात मोठी पर्स. लीस्बेतने पुढे केलेल्या फुलांकडे त्यांनी बघितलंदेखील नाही. मला वाचलं. मग काठी उचलली आणि माझ्या छातीवर हाणली. एकदा नाही. राखणदार धावत आला, तेव्हा हूबने त्याला हाताने अडवलं.

"हा माणूस मला माहितेय," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "आमच्या दारात तार आली होती. आईला वाचता येत नव्हतं. दुकानदाराने वाचून दाखवली. तुमचा मुलगा हेन्री ऑलिव्हर कामी आला. आई म्हणाली, माझा नाही तो. माझा हेझेकाया. चुकून आली असेल, तिच्या खऱ्या मालकिणीला द्या. त्या दुकानदाराला ठाऊक होतं, आमच्या घरातून एकच पोरगा गेलाय. पण त्याने तार घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, बरं."

"पुढे सरकारकडून विचारणा आली की हेन्री ऑलिव्हरला घरी आणायचं का. तीही तशीच परत गेली. माझी आई दर रविवारी गुडघे टेकून हेन्री ऑलिव्हरच्या आईसाठी प्रार्थना करायची, कळलं का? देवा, त्या बिचारीला बळ दे, तिचा पोरगा गेला, माझा अजून यायचाय. मरेपर्यंत ती त्याचं ताट मांडत होती!"

लीस्बेतच्या हातातली फुलं खाली आली.

"आणि तू," व्हर्लीनबाई तिच्याकडे वळल्या, "तुझ्या आईला एवढी वर्षं मुलगा मिळाला. फुकटात. धुवायला, बोलायला, फुलं वाहायला. माझ्या आईला काय मिळालं? तुझी व्लाय नको मला. हा दगड उपट."

लीस्बेतने स्वतःची बाजू मांडली नाही. आईच्या पत्रांबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, "उपटते."

बोलायला सोपं होतं. दफनभूमीच्या कार्यालयातला अमेरिकन साहेब गोड बोलायचा आणि मान हलवायचा. म्हणायचा, हेझेकाया टॉलिव्हर नावाचा कुणीही सैन्यात भरती झालेला नाही. लीस्बेत विचारायची, "मग इथे खाली कोण झोपलाय?" साहेब म्हणायचा, "कागदोपत्री हेन्री ऑलिव्हर." जन्माचा दाखला आणा. घरात सुईणीच्या हातावर जन्मलेल्या पोराचा कसला दाखला? ब्रॉडनॅक्सचा जबाब आणा. आणला. तर म्हणे, वय झालंय, आठवणींचा भरवसा काय. थडगं उघडून बघा म्हटलं, तर तसा नियम नाही. साहेब बदलले, मान हलवणं बदललं नाही. लीस्बेत दर वेळी येऊन माझ्या पायथ्याशी लाथ झाडायची. मला ती लागायची नाही. उलट बरं वाटायचं.

शेवटी वाट सापडली ती व्हर्लीनबाईंना, आणि ती सांगतानाही मला तडा जाईल की काय असं वाटतं. हेझेकाया सतरा वर्षांचा असताना स्टेशनावर गाडीची वाट बघत बसला होता. पोलिसांनी उचलला. गुन्हा काय? रिकामा बसलाय. आठवडाभर कोठडीत ठेवला, बोटांना शाई लावून ठसे घेतले. तो घरी आल्यावर आई चुलीतली राख लावून त्याची बोटं घासत होती, हे छोट्या व्हर्लीनने पाहिलं होतं. ऐंशी पार केलेली ही बाई त्या गावच्या कचेरीत जाऊन बसली. उद्या या म्हणाले, तर उद्या गेली. पन्नास वेळा 'नाही' म्हणून झाल्यावर तळघरात ठशांचा कागद निघाला. वर नाव होतं हेझेकाया टॉलिव्हर. एकही अक्षर न चुकता! अख्ख्या देशाने त्याचं नाव एकदाच धड लिहिलं होतं, ते त्याला कोंडताना.

सैन्याकडे हेन्री ऑलिव्हरचे ठसे होतेच. दहाही बोटं जुळली.

आज सकाळी त्यांनी मला उपटलं. माझ्या जागी नवा क्रूस उभा राहिला. त्याच्या अंगावर टॉलिव्हर हे नाव आहे, आणि ते इतकं शोभून दिसतं की मला त्याचा हेवादेखील वाटला नाही. व्हर्लीनबाई आल्या होत्या, या खेपेला चाकांच्या खुर्चीतून. त्यांनी नव्या अक्षरांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तो दुसरा कुठाय? पहिला घाव माझा."

त्यांना इकडे कोठारामागे आणलं. हूबने हातोडा त्यांच्या हातात दिला आणि खालून आधार धरला. घाव तसा हलकाच होता, पण नेमका बसला. माझ्या नावातला 'हेन्री' कपच्यांसकट उडून गेला. खरं सांगतो, इतकं हलकं मला डोंगरातून निघाल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

व्हर्लीनबाई धापा टाकत होत्या. लीस्बेतने थर्मासातली कॉफी दिली. ती त्यांनी घेतली.

"तुझ्या आईचं थडगं कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं. "फुलं आणलीत मी."

लीस्बेत ओशाळली. "नाहीये ते आता. आमच्याकडे ठरावीक वर्षांनी काढून टाकतात. तिनेच सांगून ठेवलं होतं, माझी जागा पुढच्याला द्या म्हणून."

व्हर्लीनबाईंनी कपातून मान वर केली. "परक्याच्या पोराचा दगड एवढी वर्षं घासत बसलात, आणि स्वतःच्या आईला एक दगड ठेवला नाहीत? काय माणसं आहात गं तुम्ही!" कॉफी हिंदकळून त्यांच्या हातावर सांडली. "बरं, नाव काय होतं तिचं? पूर्ण सांग."

"पेट्रोनेला स्खेपर्स."

"पेट्रोनेला स्केपर्स."

"स्खे," लीस्बेत म्हणाली. "घशातून. पण असू दे, आमच्या बाहेरच्या कुणालाच येत नाही ते."

"असू दे कशाला?" व्हर्लीनबाई कडाडल्या. "परत सांग."

लीस्बेतने परत सांगितलं. व्हर्लीनबाईंनी परत म्हटलं, चुकलं. पुन्हा म्हटलं. हूब तोंडावर हात धरून हसत होता, लीस्बेतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती म्हातारी खुर्चीत ताठ बसून घसा खरवडत होती. शेवटी ते नाव तिच्या तोंडून स्वच्छ, अख्खं बाहेर पडलं.

आता माणूस घण घेऊन आलाय. ये बाबा. 'ऑलिव्हर' अजून शिल्लक आहे, तिथून सुरुवात कर. माझी खडी कुठल्याही रस्त्यावर टाक, तक्रार नाही. पण ज्यांच्या हातात लेखणी आहे, छन्नी आहे, त्यांना एवढं सांग : समोरचा माणूस नाव सांगत असेल तेव्हा मान वर करून ऐका रे.