म्हातारीनं शिवून ठेवलेलं

"मला हा पांढराच द्या. फोटोत उठून दिसेल," तोक्योहून उत्सवाला आलेली मिरेइ म्हणाली आणि तिनं गठ्ठ्यातून तो किमोनो ओढून काढला.

हात्सुएबाईंनी तो हातात घेऊन शिवण उलटून पाहिली. क्योतोतल्या या दुकानात भाड्याचे किमोनो नेसवून देणं हे त्यांचं काम. परक्यांच्या घामाला त्या सरावल्या होत्या. पण हे मढ्याचं वस्त्र होतं. कुणा म्हातारीनं जुन्या रीतीप्रमाणे स्वतःच्याच अंत्ययात्रेसाठी शिवलेलं. जीव मागं अडकू नये म्हणून दोऱ्याला एकही गाठ न मारता.

त्यांनी मालकाला, निशिवाकीला, पडद्याआड बोलावलं.

"अहो, हे मेल्यावर घालायचं आहे."

"माहितेय. एका म्हातारीचं घर रिकामं केलं, त्यात आलं. पोरांनी तिला इस्पितळातल्या कपड्यातच जाळली. मग हे काय वाया घालवायचं? वरून लाल पट्टा बांधा. कोण ओळखतंय?"

"मी ओळखते."

"बाई, बाहेर रांग लागलीय. सोवळं घरी ठेवून येत जा."

त्यांनी नेसवलं. पोरगी आरशापुढे गिरक्या घेत होती आणि हात्सुएबाईंना स्वतःच्याच बोटांची शिसारी येत होती. त्या सारख्या हात धुऊन येत होत्या.

रथांची मिरवणूक संपल्यावर मिरेइ परतली. खांद्यावरची शिवण उसवलेली, गळ्याशी आइस्क्रीमचा ओघळ.

"मी ओढलं नाही हो. आपोआपच सुटत गेलं."

ती कपडे बदलून गेल्यावर निशिवाकीनं सुई पुढे केली. "घाला टाके. आणि चांगली गाठ मारा, उद्याही कुणीतरी मागेल."

हात्सुएबाईंनी सुई घेतली नाही. वस्त्राची घडी घालून ती त्यांनी रुमालात बांधली.

"हे मी नेते."

"मग उद्यापासून येऊ नका."

"नाहीच येणार. मी आज नेसवलं, त्याचीच किळस जात नाहीये."

घरी येऊन त्यांनी डाग धुतला आणि वस्त्र अंगणातल्या बांबूवर वाळत घातलं. कुंपणापलीकडे शेजारीण, कियोको, शेगडीवर मासे भाजत होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"कुणाचं गं?"

"नाव नाही विचारलं."

उसवलेल्या खांद्याशी लोंबणारा बिनगाठीचा दोरा कियोकोनं पाहिला. फडक्यानं धरून तिनं जळती शेगडी उचलली आणि धूर त्या वस्त्राकडे जाणार नाही अशा बेतानं घराच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली.