मुकुंदाची तिसरी नागीण

दोन वर्षांत तिसऱ्यांदा मुकुंदाला नागीण झाली, तरी घरात कुणाला शंका आली नाही. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानाचा तो खरेदीदार. मालासाठी वर्षातून चार-पाच खेपा सुरतेला जायचा. त्यातल्या तीन खेपांवरून परतला तेव्हा मांडीच्या सांध्यात आग, पाण्यानं भरलेल्या फोडांचा झुबका, आणि त्याच्या आईची, रुखमाबाईंची, धावपळ.

शेजारच्या गल्लीतली प्रयागबाई नागीण उतरवायची. इतरांच्या पाठीपोटावर ती आपल्या हातानं गेरू लावायची. नागिणीचं तोंड शेपटीला भिडू नये म्हणून फोडांच्या भोवती रेघ ओढायची. मुकुंदाचं दुखणं पडलं अवघड जागी. बाप्या माणसाचं ते बघायचं कसं? तिनं दाराबाहेर बसून मंत्र पुटपुटला, गेरूची वाटी आत सरकवली आणि न बघताच सांगून टाकलं की नागीणच आहे. तिन्ही वेळा असंच. आठ-दहा दिवसांत फोड सुकायचे, प्रयागबाईला साडी-चोळी मिळायची, आणि सूनबाईनं नवऱ्याची सेवा केली म्हणून गोपिकेचं कौतुकही व्हायचं.

नागीण एकाची दुसऱ्याला लागत नाही, असं सगळेच मानत. त्यामुळे गोपिकेला वेगळं निजायला कुणी सांगितलं नाही. तिसरी नागीण सुकली न सुकली तोच तिला ताप भरला, तशाच जागी फोड उठले, आणि लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगून उपयोग नाही. चार वर्षांच्या देवकीला शेजारणीकडे ठेवून ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टर सुहासिनीबाईंनी तपासलं आणि खुर्ची जवळ ओढली. गोपिकेनं भीत भीत विचारलं, पेपरात येतो तो एड्स तर नाही? १९८७ साल होतं, ते नाव नवंनवंच कानावर पडत होतं. बाई म्हणाल्या, तो विषाणू निराळा. तो वर्षानुवर्षं रक्तात गुपचूप बसतो आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. चामखिळी उठवणारा आणखी निराळा, त्या बहुधा दुखत नाहीत. हे फोड हर्पिसचे. जिवाला धोका नाही, पण हा विषाणू अंगातून जात नाही, पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

"माह्या मालकाले नागीण होती. तीच लागली का?"

"नागीण कांजण्यांच्या विषाणूची, गोपिकाबाई. ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि बहुतेकांना जन्मात एकदाच होते. दोन वर्षांत तीनदा, तीही त्याच जागी? ती नागीण नव्हे. हे संबंधातून येतं. त्यांना घेऊन या."

गोपिका तिथंच बाकावर बसून राहिली. तीन नागिणी आणि सुरतेच्या खेपा तिनं मनात एकापुढे एक ठेवल्या, आणि तिला नवऱ्याची किळस आली.

घरी तिनं मुकुंदाला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुकानाची वाट धरली. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या पेटीतला दवाखान्याचा कागद त्याच्या हातात होता, आणि समोर आई आणि मोठा भाऊ बसले होते. कागदावर विभागाचा शिक्का होता: त्वचा व गुप्तरोग.

"माह्या नावाचा असा कागद आहे का कुठं?" मुकुंद शांतपणे म्हणाला. "मले नागीण झाली, हे साऱ्या गल्लीले ठाऊक आहे. गुप्तरोग हिले झाला. कुठून आणला, हिलेच विचारा."

वा रे न्याय! जो दाराआड दडून राहिला तो स्वच्छ, आणि जी डॉक्टरासमोर खरं बोलली ती बदफैली. गोपिकेनं तीन नागिणींचा हिशेब मांडला, डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं. दिरानं मान फिरवली. रुखमाबाईंनी देवकीला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं, आता माहेरी जा, पोरीले तुह्या रोगाचा हात लागू द्यायचा नाही. हातानं लागत नाही हो, असं गोपिका चारदा म्हणाली. ऐकतं कोण?

हुडकेश्वरला माहेरी आई, अंजनाबाई, एकटीच होती. गोपिकेनं रडत रडत सगळं सांगितलं. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तू दवाखान्यात गेली काहून?"

"माय, दुखत होतं वं."

"मलेही दुखत होतं. तुह्या बापाले दर साली नागीण निघे. मी बावीस वर्षं नागीणच म्हटली. म्हणून तू या घरात वाढली." तिनं लेकीचे डोळे पुसले. "पोरगी पाहिजे ना तुले? मग जाय. डॉक्टरीण चुकली म्हण. मलेही नागीणच होती म्हण."

गोपिका आईवर संतापली, दोन दिवस जेवली नाही. आतल्या खोलीतली देवकी काही डोळ्यांपुढून हलेना.

तिसऱ्या दिवशी ती सासरी गेली. रुखमाबाईंच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "डॉक्टरीण चुकली, मामीजी. मलेही नागीणच होती." सासूनं देवकीला हाक मारली. पोर धावत येऊन गळ्यात पडली. तिला घट्ट धरून गोपिका उंबऱ्यातच बसली. ते वाक्य बोलताना आपली जीभ एकदाही अडखळली नाही, याचा तिला मुकुंदापेक्षाही जास्त राग आला.