रिकाम्या खिडकीकडे बघून

सिनेमावाल्यांवर माझा मुळातच विश्वास नाही, पण दिग्दर्शक घरी आला तेव्हा आईने मला गप्प बसवलं. माणूस म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. सतरंजीवर मांडी घालून बसायचा, आईला 'ताई' म्हणायचा, चहाचा दुसरा कप आपणहून मागायचा. त्याला परकीय राजवटीच्या काळावर चित्रपट काढायचा होता, आणि त्या काळात चोरून पत्रकं छापणाऱ्या छापखान्याचे मालक म्हणजे माझे आजोबा.

छापखान्यावर धाड पडली तेव्हा सगळेच पकडले गेले, पण आजोबा तेवढे लवकर सुटले. रक्ताच्या उलट्या व्हायला लागल्या म्हणून तुरुंगाने त्यांना बाहेर काढलं होतं. लोकांनी मात्र लावायचा तोच अर्थ लावला, की नावं ह्यानेच सांगितली. पुढे ते फार जगले नाहीत. 'फितुराची पोर' हे नाव आईला शाळेत चिकटलं ते लग्न जमवतानाही सुटलं नाही. तिच्या बाजूने बोलणारा जगात एकच माणूस, बाइंडरकाका. छापखान्यातले सगळ्यात लहान कामगार, पूर्ण शिक्षा भोगून आलेले. "मी शेजारच्या कोठडीत होतो. मालकांनी मार खाल्ला, पण एक नाव घेतलं नाही," असं ते ज्याला त्याला ऐकवायचे.

आईने दिग्दर्शकाला सगळं सांगितलं. आजोबांचा कोटही डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट ट्रंकेतून काढून दिला. मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी बाबांची खरी गोष्ट बघावी, एवढंच तिला हवं होतं.

शूटिंग आमच्याच गल्लीत झालं. गर्दीसाठी शेजारपाजारचे घेतले, आईला मानाने पुढे उभं केलं. वर एक रिकामी खिडकी होती आणि तिच्या गजाला लाल चिंधी बांधलेली. नट दुसऱ्या दिवशी येणार होता, तोवर सगळ्यांनी त्या चिंधीकडे बघून ओरडायचं. तिथे कोण आहे, असं आईने विचारलं, तर सहायक म्हणाला, ज्याने सगळ्यांना पकडून दिलं तो फितूर. आईला वाटलं, खरा माणूस ह्यांना सापडला एकदाचा. जन्मभराचा राग तिने त्या चिंधीवर काढला. कॅमेरावाल्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. आता तुझी सही मागायला लोक येतील, म्हणून मी तिला वाटभर चिडवत आणलं.

चित्रपट लागायच्या आधीच गदारोळ सुरू झाला. त्यात म्हणे कुठल्याशा जुन्या सेनापतीला दारू पिताना दाखवलंय. लागल्यावर तर थिएटरबाहेर रोज फलक, घोषणा, पोलीस. निषेध करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी चित्रपट पाहिलाही नव्हता, साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. त्या बोंबाबोंबीमुळेच आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आम्ही काकांना मधे बसवलं.

पडद्यावर कोट दिसला तेव्हा आईने काकांच्या मांडीवरून हात घालून माझा हात दाबला. "बाबा," म्हणाली. मग त्या कोटातल्या माणसाने अधिकाऱ्यासमोर बसून एकेक नाव सांगितलं. मग ती खिडकी आली. खिडकीत तोच कोट, आणि खाली, पडदाभर, माझी आई: "फितूर! थू तुझ्या जिण्यावर!"

थिएटरभर शिट्ट्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या शेजारणीने आईला ओळखलं आणि मागे वळून टाळ्या वाजवल्या. मग आणखी काहीजण उभे राहिले. आईने डोळे मिटून घेतले होते. काका उठून अंधारात चाचपडत बाहेर गेले. मला वाटलं, त्यांनाही बघवलं नाही.

बाहेर आल्यावर मी निषेधवाल्यांच्या पुढाऱ्याला गाठलं आणि म्हटलं, एक फलक आमच्यासाठीही धरा. तो समजुतीने म्हणाला, तेवढा भाग खरा आहे, फितुराच्या मुलीनेच पडद्यावर तसं सांगितलंय.

मी दिग्दर्शकाला फोन लावला. केसाने गळा कापलास, म्हटलं. त्याचा आवाज अजून तसाच मऊ होता. "गोष्टीला फितूर लागतोच. आणि समोर कोण आहे ते आधी सांगितलं असतं, तर ताई तशा ओरडल्या असत्या का?" पुढे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

आई म्हणाली, जग गेलं खड्ड्यात, काका आहेत ना. ते बोलले की लोकांना ऐकावंच लागेल.

काकांच्या खोलीत खळीचा वास होता. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. पुस्तकाचे कागद दुमडत राहिले आणि आईचं सगळं ऐकून घेतलं, ती रिकामी खिडकी, ती चिंधी, तो सहायक. मग हात थांबवून म्हणाले, "भिंतीपलीकडून मला नुसतं कण्हणं ऐकू यायचं. नाव कधी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी घेतलं नाही असं मी मानलं. सगळ्यांशी भांडून मानलं." त्यांनी आईकडे पाहिलं. "चिंधीवर कोणी असं ओरडत नाही, पोरी. तुला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

आई जीव तोडून सांगायला लागली, "नाही हो, मला काही माहीत नव्हतं, बाबा तसे नव्हते." ती जितकी कळवळून बोलत गेली, तितका तिचा आवाज पडद्यावरच्या त्या बाईसारखा होत गेला. काकांनी मान खाली घातली आणि पुन्हा कागद दुमडायला घेतले.