चौथ्या पोरीचा मामा

शहादेव चौथ्यांदा मामा होऊन आला, तेव्हा सारजाबाई चुलीवरच्या हंड्यात पळी फिरवत होती. त्याला बघितलं आणि हातातली पळी हंड्यात कधी सुटली ते तिला कळलंही नाही.

आता चौथ्यांदा म्हणजे काय, ते आधी सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, मामा आला तर त्यात भ्यायचं काय?

त्या साली एकीकडून दुष्काळ आणि दुसरीकडून मानमोडीच्या तापाची साथ, अशी दोघांनी मिळून शिरूरची बाजू झोडपली होती. घरंच्या घरं बसली. मोठी माणसं पटापट गेली आणि मागं राहिली पोरं. सिंदफणेच्या काठच्या धर्मशाळेत नोराबाईनं त्यांच्यासाठी कण्यांच्या पेजेची चूल मांडली. ही नोराबाई सातासमुद्रापलीकडची. मोठ्या लढाईत जखमी शिपायांची उस्तवार करून आलेली. तिला ना कुणी धाडलेलं, ना कुणाचा पगार. मनानं घेतलं म्हणून आली. मराठी शिकली ती पुस्तकातून, त्यामुळं चार वर्षांच्या शेंबड्या पोराला म्हणायची, "आपण कृपया पेज घ्यावी," आणि पोरं हसून हसून लोळायची. पण हसा किंवा काही करा, आपल्याच लोकांनी ज्यांना हात लावला नाही अशी पोरं तिनं मांडीवर घेऊन धुतली. सारजाबाई धनगराची विधवा बाई, पेज शिजवायला राहिली आणि बघता बघता मडमेचा उजवा हात झाली.

चुलीला ज्वारी यायची अर्जुनरावाच्या पेवातली. अर्जुनराव म्हणजे बारा गावचा जमीनदार. ठाण्यातला जमादारही त्याच्याच पंगतीला जेवायचा. ज्वारी मोजून द्यायला त्याचा कारभारी सुंदरराव रोज धर्मशाळेत ठाण मांडून बसायचा. लोक म्हणायचे, काय दानतीचा माणूस आहे अर्जुनराव! म्हणोत बापडे.

नोराबाईनं सुरुवातीलाच गावच्या जाणत्यांना विचारलं होतं, आई-बाप नसलेल्या लेकराचं सगळ्यात जवळचं माणूस कोण? सगळे एका तोंडानं म्हणाले, मामा. मग बाईनं नियमच केला. मामा आला, गावातल्या एका भल्या माणसानं त्याची ओळख दिली आणि पोर त्याला बघून रडलं नाही, की पोर त्याच्या हवाली. यात तिचं तरी काय चुकलं? आपण आभाळातल्या चंद्रालासुद्धा मामा म्हणतो! मामा आणि वाईट, हे दोन शब्द कधी शेजारी बसतात का आपल्याकडं?

हेच शहादेवानं हेरलं. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला दाढी होती. आठ दिवस आधीपासून तो धर्मशाळेच्या मागं पोरींना रेवड्या वाटत होता, हे नंतर कळलं. सुंदररावानं ओळख दिली, पोर हसत हसत त्याच्या कडेवर बसली, नोराबाईनं डोळे पुसले, आणि सारजाबाईनंही. दुसऱ्यांदा आला तेव्हा नोराबाई हिवतापानं फणफणली होती. दाढी गेलेली, पटका बदललेला, गाव वेगळं, जात वेगळी. पण डोळे तेच. पोर सुंदररावानंच दिली. तिसऱ्यांदा नोराबाई औषधं आणायला आंबेजोगाईला गेलती. तिन्ही वेळा त्याला बघितलं ते सुंदररावानं आणि सारजाबाईनंच.

दुसरी पोर गेली, त्यानंतर एका गाडीवानानं चुलीपाशी बसून सांगितलं, जालन्याला स्टेशनामागं एक घर आहे, तिथं अशा पोरी आणून ठेवतात आणि आगगाडीनं लांब लांब धाडतात. कामाला म्हणे. कसल्या कामाला, हे त्यानं बायांपुढं सांगितलं नाही. खाली बघून विडी विझवली आणि उठून गेला. सारजाबाईला त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही.

सांगायचं तिनं ठरवलं होतं, अगदी शपथेवर सांगते! पण दुसऱ्या दिवशी नदीवर पाणी भरताना शहादेव समोर उभा. गोड बोलला मेला. "म्हाळूची मेंढरं औंदा अर्जुनरावाच्या कुरणात हायत न्हवं? गवत लई वाळलंय, सारजाबाई. एक ठिणगी पडली तर मेंढरू वाचंना अन् मेंढक्याबी वाचंना. पोराला म्हनावं, जपून ऱ्हा." आणि वाकून त्यानं तिची घागर तिच्या डोक्यावर चढवून दिली. म्हाळू तिचा एकुलता एक. ती घागर घेऊन परत आली, चूल पेटवली आणि तोंड शिवून टाकलं. तिसरी पोर गेली ती त्यानंतर.

आणि आज हा चौथ्यांदा उभा! पांढरा पटका, खांद्यावर धनगरी घोंगडं, कपाळाला भंडारा. आज धनगराची पोर न्यायची होती ना.

पोरीचं नाव कडू. सहा वर्षांची. बाप घरीच तापानं गेला, आई शिरूरच्या वाटेवर गेली आणि ही मेलेल्या आईपाशी दीड दिवस बसून होती. धर्मशाळेत आल्यावर नोराबाईनं उवांपायी सगळ्या पोरांसारखे तिचेही केस कापायला घेतले, तर हिनं मानेवरची एक बट मुठीत धरून असा आकांत मांडला, की सारजाबाई मधे पडली. "बाईसाहेब, तेवढी ऱ्हाऊ द्या. देवाची हाय." नोराबाईनं नापसंतीनं मान हलवली, पण कात्री खाली ठेवली. तेव्हापासून कडू डोक्याला फडकं बांधून सारजाबाईच्या पदराला धरून हिंडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाप्याला विचारायची, "तू माजा कोन हायेस?"

रेवडी देताना शहादेवानं तिला सांगितलं होतं, मी तुझा मामा. पोरीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"मिसबाई, ही माज्या भैनीची पोर," शहादेव हात जोडून नोराबाईला म्हणाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. "चार तालुके पालथे घातले वो."

"खरा माणूस आहे," सुंदरराव बाजेवरून म्हणाला. "अर्जुनरावांच्या ओळखीचा आहे. द्या पोर, पुण्य लागेल."

नोराबाई खाली बसली. कडूच्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "हे तुझे मामा आहेत काय?"

"व्हय!" कडू नाचतच म्हणाली. "मला रेवडी देतो."

झालं. नियमाप्रमाणं सगळं झालं. नोराबाईनं पोरीसाठी नवा परकर आणायला सांगितला. पेजेला बसलेल्या बाया कौतुकानं बघत होत्या. कडूनं शहादेवाचं बोट धरलं आणि तो वळला. दहा पावलांवर त्याची गाडी उभी होती, बैल जुंपलेलेच होते.

सारजाबाई हे चुलीपाशी उभी राहून बघत होती. तिला म्हाळू दिसत होता, ते पिवळं गवत दिसत होतं. गप बस, तिचं मन म्हणत होतं, तीन गेल्या तशी चौथी जाईल, तू काय साऱ्या जगाची आई हायेस? आणि तेवढ्यात कडू मागं वळून म्हणाली, "सारजामाय, जाते गं मी. माज्या वाटची पेज तू खा."

सारजाबाईच्या तोंडून आवाज फुटला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"पावनं," ती हाताला कण्या लागलेल्या तशीच पुढं आली. हसायचा प्रयत्न करत होती. "एवढी लांबनं आलात, चार घोट पेज तरी घ्या. मी बी धनगराचीच. हिचं जावळ कुठल्या देवाला काढलं वो? तुमच्याच मांडीवर काढलं असंल, न्हवं का?"

आता हा प्रश्न आपल्याकडं कुठल्याही मामाला विचारा. छाती फुगल्याशिवाय राहणार नाही. जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. शहादेवानं विचारसुद्धा केला नाही.

"म्हंजे काय! बिरोबाच्या देवळात, ह्याच मांडीवर," त्यानं मांडीवर थाप मारली. "बोकड कापलं, गाव जेवलं."

सारजाबाईनं कडूला जवळ ओढलं आणि डोक्यावरचं फडकं सोडलं.

केस कापलेल्या डोक्यावर मानेपाशी ती एकच बट लोंबत होती. जट झालेली, जन्मापासून कात्री न लागलेली, टोकाला पिवळ्या दोऱ्यात बांधलेली एक कवडी. पेजेला बसलेल्या बाया बघायला उठल्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! जावळ तर हितंच हाय की पोरीचं!"

सुंदरराव बाजेवरून उठून उभा राहिला. 

"सारजाबाई, मला समजले नाही," नोराबाई म्हणाली. "याचा अर्थ काय होतो?"

शहादेव हसला. सारजाबाईच्या अगदी जवळ येऊन, जणू काही घरचीच गोष्ट सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "गवत लई वाळलंय, सारजाबाई."

  काय सांगू तुम्हाला, अजून वेळ होता, काहीतरी थाप मारता आली असती. मडमेला जावळातलं काय कळणार! कडूचा हात तिच्या हातात होता, गरम, रेवडीनं चिकट झालेला.

"बाईसाहेब," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "जावळ मामाच काढतो. हिला मामा न्हाई, म्हनून ही बट ऱ्हायली. मामा असता तर कवाच निघाली असती. ह्यो हिचा मामा न्हाई. ह्यो कुनाचाच मामा न्हाई. मागल्या तिन्ही पोरी बी ह्योच घेऊन गेला, दाढी काढून, पटका बदलून. जालन्याला इकतो त्यो पोरींना!"

नोराबाईचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढराफटक पडला. ती शहादेवाच्या आणि पोरीच्या मधे जाऊन उभी राहिली. उंच होती बाई. "आपण येथून जावे," ती म्हणाली. आणि मग पुस्तक विसरून, बायांकडून ऐकलेलं सगळं एकदम तिच्या तोंडून बाहेर पडलं, "चल नीघ! मुडद्या!"

एरवी कुणीतरी हसलं असतं. बाया मात्र पुढं सरकल्या. कुणाच्या हातात लाकूड, कुणाच्या हातात पितळी. शहादेवानं सुंदररावाकडं बघितलं. सुंदरराव धोतराचा सोगा झटकत भलतीकडंच बघू लागला.

"चूक झाली मिसबाई," शहादेव म्हणाला. "दुसरी पोर असंल माजी." जाता जाता त्यानं डोंगराकडं, अर्जुनरावाच्या कुरणाकडं एकदा सावकाश बघितलं. सारजाबाईला दिसावं म्हणूनच बघितलं. मग गाडी हाकली.

आणि तेव्हा कडू सुटली. "मामा! मामा, मला ने की रं!" गाडीच्या मागं जिवाच्या आकांतानं धावत निघाली. सारजाबाईनं वाटेतच तिला कवळ्यात धरलं, तशी पोरगी तिच्या हाताला कडकडून चावली. "तू वाईट हायेस! माजा मामा घालवलास तू!" रक्त आलं तरी सारजाबाईनं हात सोडला नाही. धुळीत तशीच तिला धरून बसली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

नोराबाई येऊन समोर उभी राहिली. 

"तुम्हांला केव्हापासून ठाऊक होते?"

"दुसरीपासनं."

"आणि आपण मला सांगितले नाही."

"भ्याले वो, बाईसाहेब. माजं एकच लेकरू हाय."  खरंच तेवढंच होतं.

नोराबाई मटकन तिच्या शेजारी धुळीत बसली. "पहिली मी स्वतः दिली," ती म्हणाली. "माझ्या हाताने." मग विचारलं, "त्यांची नावे?"

"एक शिवकन्या. एक बायना. तिसरी..." सारजाबाई आठवू लागली. तिसरी काळीसावळी होती, डाव्या पायानं लंगडायची, हे आठवलं. नाव आठवेना. मग ध्यानात आलं, ती विसरली नव्हती, तिनं विचारलंच नव्हतं. ही बी जाणार हे ठाऊक होतं, म्हणून नाव विचारायचं टाळलं होतं. हे तिनं नोराबाईला सांगितलं नाही. पण चावलेल्या हातापेक्षा ते जास्त ठणकलं.

दिवस माथ्यावर असतानाच नोराबाईनं जालन्याला जायला आपली छपराची बैलगाडी जुंपायला लावली. जमादाराकडं जाण्यात अर्थ नव्हता, हे आता तिलाही कळलं होतं. "पोरींचे चेहरे मला नीट आठवत नाहीत," ती म्हणाली. "तुम्हांला आठवतात. तुम्ही याल? मी हुकूम करीत नाही."

सारजाबाईनं डोंगराकडं बघितलं. धूर नव्हता. अजून नव्हता. छबुबाई नावाची शेजारीण पेज वाढत होती, तिला ती म्हणाली, "पळत जा, म्हाळूला सांग, मेंढरं आत्ताच्या आत्ता कुरणाभाईर काढ अन् बालाघाटाकडं नीघ. वाटंत कुनी कायबी सांगितलं तरी थांबू नको म्हनावं." चूल तिथल्या बायांच्या हवाली केली. कडूला मात्र कुणाच्या हवाली करायचं? सुंदरराव परत बाजेवर येऊन बसला होता, ज्वारीच्या पोत्याला टेकून. पोरीला उचलून तिनं गाडीत घातलं आणि स्वतःही चढली.  भीती गेली बिली नाही, उगाच कुणी सांगेल तर ऐकू नका.

गाव मागं पडलं. बराच वेळ कडू कोपऱ्यात पाठ करून हुंदके देत होती. मग शहादेवाच्या गाडीची चाकोरी त्या मऊ धुळीत तिला दिसली असावी. ती वळली.

"मामाकडं चाललो का आपन?"

सारजाबाईनं नोराबाईकडं बघितलं. नोराबाईला शब्द कळले होते, पण ती रस्त्याकडं बघत राहिली.

"व्हय," सारजाबाई म्हणाली. "त्याच्याकडंच."

कडूनं फडक्यानं नाक पुसलं, पुढं सरकून गाडीवानाच्या पाठीशी उभी राहिली आणि बैलांना म्हणाली, "चला की रं लौकर."