झुंबरबाईच्या तपेलीवरचा आळ

मी झुंबरबाईची पितळी तपेली बोलतेय, बदनापूरची. माझ्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नका. माझा जीव जळालाय.

गल्लीतल्या कुठल्याही कार्याला पुरणाचा स्वयंपाक झुंबरबाईचा आणि कटाची आमटी माझ्यातली, हे ठरलेलं. चिंचेची आमटी पितळेत कळकते, म्हणून ती मला वेळच्या वेळी कल्हई करून घ्यायची. यंदाही अधिक महिना लागायच्या आधीच केली होती.

अधिकात तिचे जावई धोंड्याचं जेवायला आले. कल्याणराव, जालन्यात मस्तगडला कपड्याचं दुकान. अंगानं बरेच उतरले होते. कशानं, ते त्यांच्या बायकोला, सुरेखालाही ठाऊक नव्हतं. "अजून एक पुरणाचा धोंडा घ्या जावईबापू," झुंबरबाईचा आग्रह चालूच. ते नको म्हणाले नाहीत. वर तूप, आमटीच्या वाट्या. संध्याकाळी उलट्या लागल्या त्या थांबेचनात. शेजारच्या मालनबाई धावून आल्या. त्यांच्यादेखत जावई म्हणाले, "तपेलीची कल्हई गेली आसंल मामी. आमटी कळकली."

धडधडीत खोटं. तीच आमटी सगळे जेवले होते, कुणाला काही झालं नाही. पण अधिकात जावई म्हणजे देव, त्याला खोटं कोण म्हणणार? मालनबाईंनी आपल्या घरच्या धोंड्याला दुसरी बाई सांगितली. जावयाला बरं वाटेपर्यंत लेक-जावई तिथंच राहिले. झुंबरबाईनं मला मागच्या खोलीत टाकलं आणि चूल सुरेखावर सोडली. मी मनात म्हटलं, जावईबापू, तुम्ही सापडाल.

सापडले. एका दुपारी त्याच खोलीत येऊन त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं इंजेक्शनचं एक पेन माझ्यात लपवलं. ते गार ठेवावं लागतं, आणि घरातला फ्रिज सगळ्यांच्या नजरेतला. मग हळूच फोन लावला. "व्हय डॉक्टर, वजनाच्या सुईचा डोस मीच वाढवला. थोडं खा, तेलकट-गोड टाळा, पोट भरलं की थांबा, समदं सांगितलं व्हतं तुम्ही. पण सासुरवाडीत कसं सांगू?"

म्हणजे वजन उतरवायच्या सुईनं उलट्या केल्या आणि नाव माझं घेतलं! मी ते पेन पोटात घेऊन वाट बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी भंगारवाला आला. झुंबरबाईनं डोळे पुसत मला त्याच्या हातात दिलं. जावई मोरीतून ओल्या अंगानं पळत आले.

"मामी, ती देऊ नका."

"का? तुम्हीच म्हणलात ना, कळकती म्हणून."

भंगारवाल्यानं मला पालथं केलं. फडकं पडलं, पेन पडलं. सुरेखानं ते उचललं. "हे काय?"

"पोट उतरवायची सुई," जावई मान खाली घालून म्हणाले.

झुंबरबाईनं मला भंगारवाल्याच्या हातातून परत काढून घेतलं. "मला सांगितलं असतं तर अर्धाच धोंडा वाढला असता. आता उलट्या कशानं झाल्या, ते मालनबाईला सांगा. जोरात सांगा."

त्यांनी सांगितलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मला इतकं गार वाटलं की काय सांगू.

आज मी परत चुलीवर आहे. जावयासाठी माझ्यात भाताची पेज शिजतेय, डॉक्टरांनी सांगितलीय तेवढीच. झुंबरबाईनं त्यांना माफ केलं, मी केलेलं नाही. तुम्ही सुया खुशाल घ्या, डॉक्टरांना विचारून घ्या, पण आपल्या पोटातलं दुसऱ्याच्या माथी मारू नका.

आत्ताच मालनबाई दारात येऊन गेल्या. "झुंबरबाई, उद्या धोंड्याला तूच ये गं."

झुंबरबाईनं पेज ढवळणं थांबवलं नाही. "दुसरी बाई सांगितली ना? तिलाच करू द्या."